पाणी गेलं, गाळ राहिला

आषाढ 1919. मुळशी खोऱ्यात, नीला-मुळेच्या संगमाशी काठालगतच्या पाण्यात तुम्ही उभे आहात. डोक्यावर इरलं. पाणी तांबडं, पलीकडचा काठ दिसत नाही. पाय रोवा. तळाचे गोटे एकमेकांवर आदळत निघालेत. ते कानांआधी तळव्यांना कळतं. वाळू तळालगत उड्या घेते, माती पाण्यातच मिसळून जाते. वेग मंदावला की आधी गोटे थांबतात, मग वाळू, शेवटी माती. पूर उतरल्यावर काठच्या मळईवर बसते ती हीच. वरच्या खाचरांत आंबेमोहोराची लावणी चालली आहे. इथून सुटलेला मातीचा कण मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराकडे निघतो. एका पावसाळ्यात पोचेल असं नाही. वाटेत मुक्काम पडतात, पुढचा पूर उठवेपर्यंत.

16 एप्रिल 1921, रामनवमी. नदी आटलेली, ऊन रणरणतं, आणि धरणाच्या कामावर ठाण मांडून बसलेले मावळे. टाटांच्या कंपनीला मुंबईसाठी वीज हवी आहे. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. बुडणाऱ्या जमिनींच्या मोबदल्याचा हिशेब कितीही चोख ठेवला, तरी दर पुरासोबत येणारी माती त्यात कोणत्या रकान्यात मांडायची?

लढा फसला, धरण उभं राहिलं. आता आषाढ 1930. तोच तांबडा लोंढा डोंगरातून उतरतो आणि धरणाच्या संथ पाण्यात शिरताच त्याचा जोर सरतो. गोटे-वाळू जलाशयाच्या तोंडाशीच पडतात. बारीक माती दिवसेंदिवस तरंगते. मग बरीचशी बुडालेल्या खाचरांवर बसते. जिथे पीक घ्यायला कुणी नाही, नेमकी तिथे!

पाण्याची वाट मात्र फिरवली आहे. बोगद्यातून सह्याद्रीखाली सुमारे पाचशे मीटर कोसळून ते भिऱ्याची जनित्रं फिरवतं, कुंडलिकेत उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेला मुळेत सुटतं ते धरण भरून वाहिल्यावरचं. तेही गाळ मागे टाकून आलेलं, म्हणून पुढचा काठ खरवडत जाणारं. कातळ लागला तर तेवढंही नाही.

आणि आज? सकाळी भिऱ्याहून पाणी सुटलं की कोलाडला कुंडलिकेत राफ्ट निघतात. तुमच्या राफ्टमधली पुण्याची पोरं लाटेगणिक किंचाळताहेत. त्यांच्याच शहरातल्या पुलांखालून गेलं असतं ते पाणी.