चिमूरची बातमी आणि ४२.३४ मीटर

थ्रेड. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. नागपूरपासून सुमारे १०० किलोमीटरवरील चिमूरमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टीतही ठाण्यासमोर रक्त सांडले. पुढे चिमूरमध्ये लष्कर शिरले. स्त्रियांवरील अत्याचारांच्या कहाण्या नागपुरापर्यंत पोहोचल्या. पण वृत्तपत्रांवर बंधने असल्याने त्या छापणे अशक्यप्राय होते.

ही बातमी सविस्तर सांगितली ती मुंबईतल्या एका चोरट्या केंद्राने. २७ ऑगस्टपासून ‘काँग्रेस रेडिओ’ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी प्रक्षेपक घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात फिरत. राममनोहर लोहिया त्यांच्या पाठीशी होते. केंद्राच्या घोषणेत तरंगलांबी सांगितली जाई, ठिकाण मात्र ‘हिंदुस्थानात कुठेतरी’ एवढेच.

४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ. या लहरी जमिनीलगत फार दूर जात नाहीत. वर आयनांबरावर आदळून त्या शेकडो किलोमीटरवर खाली उतरतात. त्यामुळे केंद्राच्या थोड्याशा पलीकडे शुकशुकाट आणि ७०० किलोमीटरवरच्या नागपूरच्या टप्प्यात मात्र आवाज, असे घडू शकते.

त्या काळच्या घरगुती सेटवर हा आवाज पकडणे कौशल्याचे काम होते. बटण फिरवल्यावर व्हॉल्व तापेपर्यंत थांबायचे. तबकडीवर शॉर्टवेव्हचा सगळा पट्टा वीतभर जागेत कोंबलेला. सुई केसभर सरकली की स्टेशन हातचे जाई. ध्वनी मध्येच विरे, पुन्हा उसळे. छतावर लांब तार बांधलेली असली तर बरे.

लष्करी ‘कम्युनिकेशन रिसीव्हर’ मात्र निराळ्याच जातीचे. अमेरिकेतल्या नॅशनल कंपनीचा ‘एचआरओ’ पाहा : पट्टा बदलायचा तर कॉइलचा आख्खा खण समोरून उपसून दुसरा बसवायचा. त्याच्या मोठ्या तबकडीवर एकेक स्टेशन सुटे करता येई. इंग्लंडमध्ये जर्मन संदेश टिपणाऱ्यांच्या टेबलांवर हाच रिसीव्हर असे. (माझ्या मते युद्धकाळातले सर्वांत देखणे यंत्र. मतभेद मान्य!)

ऐकणाऱ्याला एक मोठे संरक्षण होते. रेडिओचा परवाना टपाल खात्याकडून मिळे, म्हणून सेट कोणाकडे आहे हे सरकारला ठाऊक असे. त्यावर काय लावले आहे, हे कळायला मार्ग नव्हता. बोलणाऱ्याला ही सोय नाही. वर्तुळाकार एरिअल फिरवत गेले की एका दिशेला आवाज पार क्षीण होतो. त्यावरून प्रक्षेपकाची रेषा मिळते. दोन जागांवरून दोन रेषा काढल्या की त्या जिथे छेदतात, तिथे गुन्हेगार. शोध घेणाऱ्या गाड्या मुंबईत फिरत होत्याच. अखेर तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि १२ नोव्हेंबरला महालक्ष्मीजवळच्या पॅराडाइज बंगल्यात प्रक्षेपण चालू असतानाच धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

तोवर सेवाग्रामला प्रा. भन्साळींनी चिमूरच्या चौकशीसाठी उपोषण आरंभले होते. ते ६३ दिवस चालले. त्याच्या बातमीवरही बंदी आली, आणि निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातील अनेक वृत्तपत्रे निघाली नाहीत.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यातली एक गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. घरोघरी कान लावून बसलेल्यांनी साहजिकच काही लिहून ठेवले नाही. आज या प्रसारणांचा बराचसा मजकूर आपल्याला वाचायला मिळतो, तो सरकारी रिसीव्हरपुढे बसून रोज इमानेइतबारे टिपणे काढणाऱ्या पोलिसांमुळे.