बाळगोळी आणि आईचा वेळ



आजच्या विषयाचं नाव इंग्रजी आहे, ‘अटॅचमेंट पॅरेंटिंग’. विल्यम सीअर्स या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी ते १९८०च्या दशकात रूढ केलं. मुलाला कुशीत घेऊन निजायचं, अंगावर पाजायचं, अंगाशी बांधून वावरायचं, रडलं की उचलायचं. इथे बसलेल्या आज्या मनात म्हणत असतील, यात नवीन ते काय? आमची पोरं झोळीत आणि कडेवरच वाढली! खरं आहे. पण तेवढ्यावर समाधान मानून उठायचं, तर आपल्याच माणसांच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा गळून पडतो. आज तो सांगायचाय.

कोकणातून आणि घाटावरून माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. बायकाही गेल्या. बहुतेकींना वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात काम मिळालं. दिवस दहा तासांचा. चाळीतल्या खोलीत तान्हं मूल, आणि सांभाळायला बहुधा एखादी म्हातारी शेजारीण. मग मूल दिवसभर राहायचं कसं? त्यावर उपाय होता बाळगोळी. म्हणजे अफूची बारीक गोळी. ती दिली की मूल निजून राहायचं.

मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंकडे सोपवली होती. १९२२ सालच्या त्यांच्या अहवालात नोंद आहे, की कामगार बायकांच्या १०० पैकी ९८ तान्ह्यांना अफू दिली जात होती. आकडा ऐकून आपण चटकन म्हणतो, कसल्या आया! पण जरा थांबा. गोळी देणाऱ्या आईला माया नव्हती का? होती. वेळ नव्हता. पाळीला उशीर झाला तर मजुरी कापली जायची, आणि बाळंतपणात घरी बसलं तर मजुरीच नाही.

हे ज्यांनी ओळखलं, त्यांतलं एक नाव आपल्या जिल्ह्यातलं आहे. नारायण मल्हार जोशी, कामगारांचे नामजोशी. जन्म १८७९ सालचा, इथून जवळच, माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचा. १९२४ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. पुढे मुंबईच्या विधिमंडळात तसंच विधेयक आलं, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने घ्यावा. पण बाईच्या श्रमावर मालकाचाही फायदा होतो, तेव्हा त्यानेही वाटा उचलावा. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. देशातला या प्रकारचा हा पहिला.

तारीख लक्षात ठेवा. तेव्हा ‘अटॅचमेंट’चा सिद्धांत जन्मालाही आला नव्हता. उलट १९२८ सालीच अमेरिकेत जॉन वॉटसन हे मानसशास्त्रज्ञ आयांना बजावत होते, की मुलांचे मुके घेऊ नका, सकाळी फार तर हात मिळवा! दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं. १९५१ साली जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. लहानपणी एका तरी मोठ्या माणसाशी जिव्हाळ्याचं, सलग नातं असणं हे मनाच्या आरोग्यासाठी आवश्यक आहे, असं त्यांनी मांडलं. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक फिल्म दाखवली. दोन वर्षांची मुलगी, आठ दिवस रुग्णालयात, आईपासून दूर. ती फारशी रडत नाही. पण आई भेटायला आली की तोंड फिरवते. तोवर डॉक्टर म्हणायचे, मूल गप्प आहे म्हणजे रुळलं. रॉबर्टसननी दाखवलं, की गप्प मूल आतून मिटलेलंही असू शकतं.

मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातल्या खेड्यांत आया आणि बाळं जवळून पाहिली. आई मुलाच्या खुणा किती ओळखते, यावर त्याचं निर्धास्त असणं बरंचसं अवलंबून असतं, असं त्यांना दिसलं. आता खुणा ओळखायला काय लागतं? पुन्हा वेळच.

बोल्बींच्या अहवालातली एक गोष्ट मात्र नंतरच्या संगोपनाच्या पुस्तकांतून मागे पडली. समाजाला मुलं प्यारी असतील तर त्याने आईबापांना जपलं पाहिजे, असं त्यांनी लिहिलं होतं. पुस्तकं आईला कामांची यादी देतात; ती कामं करायला तिला वेळ कोण देणार, हे सांगत नाहीत.

आपल्याकडे ते काम थोडं झालं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला मुलांच्या अंगणात शाळा नेली. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, कारण धाकट्याला सांभाळणारी मोठी बहीण त्याशिवाय शिकणार कशी? १९४८च्या कारखाना कायद्यात पाळणाघर आलं. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आणि तिच्याबरोबर अंगणवाडी आली. २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

पण ती रजा कोणाला? आपल्या पेण-रोह्याकडची कातकरी बाई वीटभट्टीवर जाते, तिला नाही. धाटावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बाईला कागदावर हक्क आहे, हातात किती पडतो ते तिलाच विचारा. आणि आपल्या घरात? रडतं मूल गप्प बसावं म्हणून आपण हातात मोबाईल देतो. मोबाईल म्हणजे अफू नव्हे, तसं मी म्हणणार नाही. पण देताना स्वतःला एवढं विचारू या, की मुलाला हवंय म्हणून देतोय, की आपल्याला वेळ नाही म्हणून?

आणि उत्तर दुसरं असेल, तर दोष एकट्या सूनबाईच्या माथी मारू नका. घरात बाप आहे, आजोबा आहेत. गावात अंगणवाडी आहे, तिथल्या सेविकेकडे किती मुलं आणि किती रजिस्टरं आहेत, ते एकदा जाऊन बघा. नामजोशींनी शंभर वर्षांपूर्वी आईचा वेळ हा कायदेमंडळातला प्रश्न केला. त्यांच्या जिल्ह्यात आपण निदान तो ग्रामसभेतला प्रश्न करू या.