गिरणगावातील बेकारी व उपजीविका

मुंबईच्या मध्य भागातील भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, डिलाइल रोड, वरळी व प्रभादेवी या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कापडगिरण्या आणि त्यांत काम करणाऱ्यांच्या चाळी यांची जी सलग वस्ती वाढली, तिला गिरणगाव असे म्हणतात. येथील बेकारीचा इतिहास सामान्यतः १९८२ च्या संपापासून सांगितला जातो. वस्तुतः काम नसणे, अपुरे असणे किंवा केव्हाही जाणे ही स्थिती गिरणी उद्योगाइतकीच जुनी असून, तिच्यातून निभावून जाण्याच्या रीती कामगार कुटुंबांनी तीन-चार पिढ्यांत घडविल्या होत्या. या सर्व रीती तात्पुरत्या खंडासाठी होत्या. खंड कायमचा झाला, तेव्हा त्यांपैकी बहुतेक अपुऱ्या पडल्या.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या ताडदेव येथील गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. आरंभीच्या गिरण्या मुख्यतः सूत काढीत व त्याचा मोठा भाग चीनला जाई. जपानी सुताच्या स्पर्धेने ही बाजारपेठ हातची जाऊ लागली, तसतशा मुंबईच्या गिरण्या विणकामाकडे वळल्या. ज्या उद्योगाने हजारोंना काम दिले, त्यानेच व विलायती कापडाने हातमागावरील विणकरांचे काम हिरावले होते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेले मोमीन विणकर मालेगाव, भिवंडी व मुंबईतील मदनपुरा येथे स्थायिक झाले, ते अशाच स्थलांतराने. पुढे याच गावांतील यंत्रमागांनी गिरण्यांचे काम ओढून घेतले.

गिरण्यांतील कामगार प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून (आजचा सिंधुदुर्ग त्यात समाविष्ट होता), तसेच सातारा, पुणे, कोल्हापूर या देशावरील भागांतून व संयुक्त प्रांतातून येत. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील सु. ८४% लोक शहराबाहेर जन्मलेले होते. कामगाराची भरती जॉबर करी. आपल्या खात्यातील माणसे निवडणे, कामावरून काढणे, प्रसंगी उसने पैसे देणे किंवा वाण्याकडे जामीन राहणे ही सर्व सूत्रे त्याच्याच हाती असत. त्यामुळे कामगार त्याला भीत आणि त्याला धरूनही असत. कामाच्या संधीही सर्वांना सारख्या नव्हत्या. चांगल्या मजुरीच्या विणखात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, हे कारण त्यासाठी पुढे केले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार संघटनांपुढे स्पष्टपणे मांडला.

प्रत्येक गिरणीत कायम कामगारांखेरीज बदली कामगारांचा एक मोठा वर्ग असे. बदली कामगार पाळी सुरू होण्यापूर्वी गिरणीच्या दरवाज्याशी उभा राही. कोणी गैरहजर असल्यास त्याला काम मिळे, नाहीतर तो परत फिरे. महिन्यातील किती दिवस भरतील हे आधी सांगता येत नसे. ही पद्धत मालकांच्या सोयीची होती; कारण कापडाची मागणी घटली की मजुरीचा खर्च लगेच कमी करता येई. परंतु कामगारांनीही तिचा आपल्या परीने उपयोग करून घेतला. शेतीच्या हंगामात, शिमग्याला किंवा गणपतीला गावी जाताना कामगार आपली जागा भावाला, पुतण्याला किंवा गाववाल्याला तात्पुरती मिळवून देई. एका नोकरीवर अशा रीतीने दोन-तीन घरांचा काही काळ निर्वाह होई. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदलीपत्रे देऊन या गर्दीचे नियमन सुरू केले आणि १९५० मध्ये शासनाच्या योजनेनुसार बदली कामगारांची नोंदणी सुरू झाली. जॉबरचे महत्त्व त्यामुळे घटले, पण बदलीचे अनिश्चित जिणे संपले नाही.

निर्वाहाचा मुख्य आधार गाव हा होता. कोकणातील कुणब्याची जमीन थोडी व हलकी असे. खोताचा वाटा, सावकाराचे व्याज आणि पावसाळ्यापूर्वीची बेगमी यांसाठी लागणारा रोख पैसा मुंबईहून मनिऑर्डरने येई. उलट, मुंबईत काम सुटले की चाकरमानी गावी जाई व तेथे भात-नाचणीवर काही महिने काढी. काही अभ्यासक या ये-जा करण्याला कामगाराची अस्थिरता किंवा शेतकरी मनोवृत्ती म्हणत आले. राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिल्याप्रमाणे शहरातील नोकरीची शाश्वती नव्हती, म्हणूनच गावचा धागा जपणे भाग होते. आजारपणात भत्ता नाही, म्हातारपणी निवृत्तिवेतन नाही, बाळंतपणाची सोय नाही, अशा स्थितीत हे सर्व गावावर सोपविलेले होते. गिरणी उद्योगाला मजूर स्वस्तात मिळाला, त्यामागे गावाने सोसलेला हा खर्च होता.

गावाची एक शाखा मुंबईतही असे. एका गावच्या किंवा वाडीच्या लोकांनी वर्गणी काढून भाड्याने घेतलेली खोली, म्हणजे गावकऱ्यांच्या मंडळाचा गाळा, नव्या माणसाचा पहिला आसरा होई. तेथे भिंतीशी प्रत्येकाची एक ट्रंक व खुंटी असे; पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाच जागेवर दोघे-तिघे आळीपाळीने झोपत. काम नसलेल्याला काही काळ वर्गणीत सवलत मिळे आणि कामाची बातमीही प्रथम तेथेच कळे. गोव्याहून येणाऱ्या खलाशी व आचारी यांच्या धोबी तलाव भागातील ‘कूड’ याच धर्तीच्या होत्या.

एकट्या राहणाऱ्या पुरुषांना खाणावळवाल्या बाया जेवण घालीत. विधवा, टाकलेल्या किंवा नवरा बेकार असलेल्या स्त्रिया आपल्या खोलीत दहा-वीस जणांचा स्वयंपाक करीत व पगार झाला की महिन्याचे पैसे घेत. म्हणजे वाण्याकडून धान्य उधार आणून त्या कामगाराला महिनाभर उधारीवर पोसत. संप झाला किंवा गिरणी बंद पडली, तर ही उधारी थकून तिचा पहिला फटका त्यांनाच बसे. मजुरी महिना उलटून काही दिवसांनी हाती येत असल्यामुळे सर्वच घरे उधारीवर चालत. १९२१-२२ च्या सुमारास झालेल्या सरकारी पाहणीत जवळजवळ निम्मी कामगार कुटुंबे कर्जबाजारी आढळली. रुपयास दरमहा एक आणा हा व्याजाचा दर सर्रास होता. वर्षाच्या हिशेबाने तो ७५% पडतो. शेजाऱ्यांची भिशी हा त्यातल्या त्यात बिनव्याजी मार्ग होता, परंतु भिशीला दरमहा भरणा करावा लागत असल्याने खुद्द बेकाराला तिचा लाभ क्वचितच होई.

या रीतींची पहिली मोठी कसोटी १८९६ च्या प्लेगमध्ये लागली. जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. मजुरांची टंचाई एवढी वाढली, की गिरण्यांना रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली व एकमेकींच्या कामगारांना चढ्या दराने ओढावे लागले. कामगाराची बाजू वरचढ होण्याचा असा प्रसंग पुन्हा फारसा आला नाही. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरताच जपान, अहमदाबाद व सोलापूर यांच्या स्पर्धेने मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या. थोड्या माणसांत अधिक काम उरकण्यासाठी एका विणकराकडे दोनऐवजी तीन माग देण्याची योजना निघाली. तिच्या विरोधात १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सार्वत्रिक संप झाला. हजारो कामगार गावी निघून गेले, म्हणूनच तो सहा महिने टिकू शकला.

या पुनर्रचनेत स्त्रियांचे काम सर्वांत आधी व फारसा गाजावाजा न होता गेले. १९२० नंतरच्या दशकात गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सु. एक-पंचमांश होते, कांडी भरणे व सूत गुंडाळणे या खात्यांत त्या नायकिणीच्या हाताखाली काम करीत. नवी यंत्रे आली, रात्रपाळीत स्त्रियांना कायद्याने मनाई होती आणि १९२९ च्या प्रसूतिसाहाय्य कायद्याचा भार मालकांना नकोसा वाटत होता. पुढील काही दशकांत हे प्रमाण नगण्य झाले. कामगार संघटनांनी याविरुद्ध म्हणावा तेवढा आवाज उठविला नाही. कुटुंबाचे पोषण पुरुषाच्या मजुरीवर होते व स्त्रीची मिळकत पूरक असते, ही समजूत त्यांनीही स्वीकारली होती. या स्त्रिया घरी बसल्या नाहीत. त्या खाणावळ, भाजीविक्री, घरकाम यांकडे वळल्या, पण त्यांच्या या कामाची कामगार म्हणून गणना झाली नाही. १९७३-७४ च्या ४२ दिवसांच्या संपात खाणावळवाल्यांवर कर्जाचा डोंगर झाला. त्यानंतर गोमंतकीय असलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले.

स्वातंत्र्योत्तर काळात महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधी, कामगार राज्य विमा यांमुळे कायम कामगाराचे जीवन काहीसे स्थिरावले. बायका-मुले मुंबईला आली, मुले शाळेत जाऊ लागली. परंतु याच काळात कापडाचे उत्पादन गिरण्यांकडून यंत्रमागांकडे सरकत होते. इचलकरंजी येथे १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला होता. पुढे भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी ही यंत्रमागाची मोठी केंद्रे झाली. तेथे बारा-बारा तासांची पाळी, नगावर मजुरी व कारखाना कायद्यापासून पळवाट असल्याने कापड स्वस्त पडे. काही गिरण्यांनी यंत्रमागांवर विणलेल्या कापडावर आपली छाप मारून ते विकण्यास आरंभ केला.

बोनसच्या वादातून सुरू झालेला व दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संप १८ जानेवारी १९८२ रोजी सार्वत्रिक झाला. त्यात सु. अडीच लाख कामगार सहभागी होते. वेतनवाढीबरोबरच, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला दिलेली प्रातिनिधिक मान्यता रद्द व्हावी, ही कामगारांची मागणी होती. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. वर्ष-दीड वर्षात काही गिरण्या चालू झाल्या. १३ गिरण्यांचे व्यवस्थापन शासनाने १९८३ मध्ये ताब्यात घेतले. कामावर परत न घेतलेल्यांच्या संख्येविषयीचे अंदाज पाऊण लाखापासून दीड लाखापर्यंत भिन्न आहेत.

आरंभी कामगारांनी जुनाच मार्ग धरला. मोठ्या संख्येने ते गावी गेले. पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांतून संपकऱ्यांसाठी धान्यही गोळा करण्यात आले. मात्र १९२८ मधील गाव आता उरले नव्हते. वाटण्यांनी जमीन आणखी तुकड्यांत विभागली होती, व गावाकडील घरेच मुंबईच्या पैशावर चालत होती. कमावता माणूस हात हलवीत परतल्याने एकाच वेळी मनिऑर्डर थांबली आणि खाणारे तोंड वाढले. काहींनी रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडली, तर अनेक जण काही महिन्यांनी मुंबईस परतले. तेथे वाण्याची उधारी बंद झाली होती. आधी भांडी व दागिने, मग निर्वाह निधीची शिल्लक आणि शेवटी मुलांचे शिक्षण अशा क्रमाने बहुतेक घरांनी दिवस काढले. वीस-पंचवीस वर्षे साचाखात्यात किंवा विणखात्यात घालविलेल्या कामगाराचे कौशल्य गिरणीबाहेर कोणाला नको होते. तो इमारतींवर पहारेकरी झाला, भाजीची किंवा वडापावची गाडी लावू लागला, नाहीतर ज्या यंत्रमागाने त्याचे काम नेले, तेथेच निम्म्याहून कमी मजुरीवर उभा राहिला. घर प्रत्यक्षात स्त्रिया चालवू लागल्या. धुणीभांडी, पोळ्या लाटणे, राख्या करणे, शिवणकाम हे उत्पन्नाचे मुख्य साधन बनले. घरातील या उलथापालथीचे, विशेषतः तरुण मुलांच्या वैफल्याचे, परिणामकारक चित्रण जयंत पवार यांच्या अधांतर या नाटकात आहे.

शेवटचे भांडवल म्हणून खोली उरली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे चाळीतील खोलीचे भाडे नाममात्र होते, पण पागडीचा भाव चढत गेला. ती विकून मिळालेल्या पैशांतून मुलीचे लग्न, कर्जफेड व नालासोपारा, विरार किंवा दिवा येथे लहानशी जागा एवढे साधे. गिरण्यांच्या जमिनीचा भाव तर कापडाच्या नफ्याहून कितीतरी पुढे गेला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरणीची जमीन विकसित करताना तिचा एकेक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक घरबांधणीसाठी द्यावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली, त्यामुळे सार्वजनिक वाट्यास फार थोडी जमीन आली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरविली. दरम्यान दत्ता इस्वलकर व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने आधी थकलेली देणी व पुढे गिरणीच्या जमिनीवर घरे या मागण्यांसाठी लढा चालविला. कामावर परत घेण्याची मागणी त्यात हळूहळू मागे पडली. घरांसाठी दीड लाखाच्या घरात अर्ज आले. २०१२ मध्ये काही हजार घरांची सोडत निघाली, तेव्हा अनेक अर्जदार हयात नव्हते व त्यांच्या जागी वारसांची नावे लागली होती.