आजीचे रुपये आणि तऱ्हाळ्याचा खजिना

गेल्या दिवाळीत मंगरूळपीरला गेलो होतो. लक्ष्मीपूजनासाठी आजीने व्हिक्टोरिया राणीचे चार रुपये काढले. वर्षानुवर्षं कापडात गुंडाळलेले, कडेला निळसर-जांभळी झाक. मी उत्साहात टूथपेस्टने तीन चकाचक केले :)

पुण्यात एका नाणेविक्रेत्याला चारही दाखवले. "साहेब, या तिघांचे चांदीच्या वजनाचेच पैसे. चौथ्याचं बोला!"

ती झाक म्हणजे हवेतल्या गंधकामुळे चांदीवर चढलेला सल्फाइडचा पातळ थर. जाडीप्रमाणे त्याचे रंग बदलतात, साबणाच्या फुग्यासारखे. असा थर सावकाश, आपोआप चढलेला असेल तर नाणं कुणी घासलेलं नाही याची ती खूण. म्हणून शौकीन जास्त मोजतात. (आणि म्हणूनच रसायनं लावून खोटी झाकही चढवतात.)

घासताना रंगाबरोबर बारीक अक्षरंही झिजतात. आमच्याच तालुक्यात, तऱ्हाळ्याला, १९३९ मध्ये सातवाहनांची १५०० हून अधिक नाणी सापडली. चांदीची नव्हेत, पोटीन या मिश्रधातूची. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. वा. वि. मिराशींनी हत्तीभोवतीची अक्षरं लावली आणि पुराणांतल्या यादीत नसलेली कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं पुढे आली. ती अक्षरं कुणी चिंच लावून घासली असती तर?

असो. चौथा रुपया विकला नाही, आजीला परत दिला. ती म्हणाली, "हा घासायचा राहिला का रे?"