गांडूळ आणि केंचुआ
धार-देवासचा इतिहास लिहिताना आपण परमारांच्या ताम्रपटांपाशी, फार तर पवारांच्या सनदांपाशी थांबतो. पावसाळी रात्री कंदील घेऊन गळासाठी गांडुळे वेचणारा माणूस त्यांत येत नाही. कोशात मात्र त्याची चाहूल लागते. अमरकोशाच्या वारिवर्गात गळाला ‘बडिश’ म्हटले आहे, आणि त्याच वर्गात गांडुळाची ‘गण्डूपद’ व ‘किञ्चुलक’ ही नावे आहेत. मातीतला जीव जलचरांत कसा आला? आमिष म्हणून, असा माझा आपला तर्क. अठराव्या शतकात पवारांबरोबर आलेल्या मराठी घरांत ‘गांडूळ’ टिकले. बाजारातल्या हिंदीत किञ्चुलकाचा ‘केंचुआ’ झाला. नाव कोणतेही घ्या, पाऊल जड पडले की तो बिळात शिरतो आणि हिसका दिला की तुटतो. काळ्या ओल्या मातीतून त्याला दमानेच काढावे लागते.