गळ्यातला पट्टा

हल्ली प्री-वेडिंगच्या फोटोत घरचा कुत्रा हवाच असतो. हे काही नवीन नाही बरं का. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आयकचं १४३४ सालचं एका जोडप्याचं चित्र आहे, त्यांच्या पायाशी छोटा केसाळ कुत्रा. पॅनॉफ्स्की या अभ्यासकाने १९३४ मध्ये लेख लिहिला आणि तेव्हापासून हा कुत्रा म्हणजे पतिपत्नीची निष्ठा, असं ठरून गेलं. पुढे इन्फ्रारेड तपासणी झाली, तर रंगाखालच्या रेखाटनात कुत्रा नाहीच! मागाहून काढलेला. श्रीमंतीचा थाट म्हणूनही आला असेल.

राजांचं गणित सरळ होतं. तिशियनने १५३३ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सला रंगवलं, तर सम्राटाचा हात थेट कुत्र्याच्या पट्ट्यावर. एवढं दांडगं जनावर माझ्या मुठीत आहे, बघून घ्या.

आता खरा मुद्दा. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बार्थोलोम्यू डँड्रिजने साधारण १७२५ मध्ये एक चित्र काढलं. श्रीमंताघरची मुलगी, तिचा कुत्रा आणि एक काळा मुलगा. मुलाच्या गळ्यात धातूचा पट्टा आहे. चित्रकाराची कल्पना म्हणून सोडून देऊ नका. पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून यायच्या, त्यांत अशा पट्ट्यांचं वर्णन सापडतं. कुत्र्याची निष्ठा दाखवायची जी रीत होती, तीच या मुलाला लावली. आणि चित्राच्या जुन्या नावात तो नुसता ‘पेज’, म्हणजे हुजऱ्या. ‘गुलाम’ हा शब्द नावात आला तो अगदी अलीकडे.

दुसरं चित्र तर आपल्याही जवळचं. एलिहू येल, ज्याच्या नावाने अमेरिकेतलं येल विद्यापीठ आहे, तो कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर होता. पैसा तिथेच कमावला. साधारण १७१९ च्या त्याच्या कौटुंबिक चित्रातही गळ्यात पट्टा घातलेला एक काळा मुलगा आहे. विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाने २०२० मध्ये हे चित्र भिंतीवरून उतरवलं, त्यावर संशोधन केलं आणि मग पुन्हा लावलं.

चित्रकार होगार्थने १७४५ मध्ये स्वतःच्या चित्रात आपला पग बसवला, त्या पगचं नाव ट्रम्प होतं हे आपल्याला माहीत आहे. येलच्या चित्रातल्या मुलाचं नाव मात्र एवढ्या संशोधनानंतरही मिळालेलं नाही.