मेंढवाड्याचा राखणदार

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे, देवस्थानांची माहिती आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या प्रसिद्ध होतात, व ते योग्यच आहे. यंदा संपादक मंडळाने आम्हांस 'काही जुने लिहा' असे सुचविले, तेव्हा ज्याचे नाव कोणत्याही यादीत कधी आले नाही अशा एका सोबत्याविषयी लिहावे असे मनात आले. हा सोबती म्हणजे आपल्या धनगर वाडवडिलांच्या मेंढवाड्यावरील राखणीचा कुत्रा होय. विषय वाचून कित्येकांस हसू येईल. पण ज्याच्या जिवावर आपल्या आज्या-पणज्या उघड्या माळावर लेकरे घेऊन निश्चिंत निजल्या, त्याला स्मरणिकेची दोन पाने देण्यास हरकत नसावी.

आमचे सारे आयुष्य मंडईच्या आसमंतात गेले. वडील मंडईत हमाली करीत आणि आमचे बिऱ्हाड शुक्रवार पेठेतील एका वाड्यात होते. १८८६ साली बांधून पूर्ण झालेली मंडईची ही इमारत आरंभी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखली जाई. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील मैदानात भरत असे. नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी, हा पैसा शिक्षणावर खर्चावा म्हणून, नव्या मंडईस विरोध केला होता. पुढे इमारतीस नाव मिळाले ते त्यांचेच. इतिहासाच्या अशा खोड्या मुलांना सांगताना आम्हांस फार मौज वाटे.

आमचे आजोबा फलटणकडील. त्यांनी अखेरपर्यंत मेंढरे सोडली नाहीत. वर्षातून एकदा ते मंडईत येत, गाळ्यावरील वांगी-कांद्यांवर हात फिरवीत आणि म्हणत, "हे आपल्या मेंढरांनी पिकविले." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दिवाळीनंतर कोरड्या मुलखातले मेंढवाडे पश्चिमेकडे निघत. वाटेत शेतकरी त्यांस बोलावून रात्री आपल्या रानात मेंढरे बसवीत आणि त्या खताबद्दल धान्य किंवा पैसे देत. भाजी मंडईत पोहोचे, खत रानात राही, आणि त्या रानात रात्रभर जागणारा कुत्रा मात्र कोणाच्या हिशेबात येत नसे.

त्याला जागावे लागे ते मुख्यतः लांडग्यामुळे. साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी केली, आणि १८३१ साली येथील लांडग्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. साहेबाने त्यास लॅटिन नाव दिले. आपल्या लोकांस त्याची ओळख त्याआधीच पिढ्यान्‌पिढ्या होती. लांडगा मेंढरांत शिरला की एका मेंढीवर भागत नाही. कळप बुजतो, वाघर म्हणजे जाळ्याचे कुंपण मोडून उधळतो, आणि पहाटे मोजणीस बसावे तो वर्षभराची कमाई माळावर विखुरलेली असते. बंदूक आपल्या लोकांजवळ नव्हती. काठी, आरोळी आणि कुत्रा एवढाच दारूगोळा.

हा कुत्रा तयार कसा होत असे, हे आम्ही सत्तरीच्या आसपास, शाळेच्या सुट्टीत सासवडच्या बाजूस आजोबांच्या वाड्यावर राहून स्वतः पाहिले आहे. कुत्री व्याली की तिची जागा कोकरांच्या लहान कुंपणाला लागूनच करीत. पिल्लांचे डोळे उघडत ते लोकरीच्या वासात. दूध तुटू लागले की ताकात कुस्करलेली बाजरीची भाकरी मिळे, तीही कोकरांजवळच. पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाले म्हणजे खरे शिक्षण सुरू होई, आणि गंमत अशी की त्यात शिकविणारा माणूस जवळजवळ नसेच. पिल्लू खेळता खेळता कोकराचा कान ओढी. लगेच मेंढी त्याला अशी ढुशी देई की ते दोन कोलांट्या खाई. पुन्हा कान ओढावयाचे धाडस ते सहसा करीत नसे. जे ढुशीनेही ऐकत नसे त्याला आजी जरबेचा एक शब्द टाकी. मारताना आम्ही तिला कधी पाहिले नाही. "मारलेलं कुत्रं रात्री लांब निजतं," असे ती म्हणे, आणि लांब निजणारा राखणदार काय कामाचा?

पिल्लू निवडण्याच्या काही जुन्या परीक्षाही होत्या. बकोट धरून उचलावे, केकाटले तर निकस समजावे, ही त्यांतली एक. ह्या परीक्षेवर आमचा फारसा विश्वास नाही. केकाटलेल्यांपैकीच एक पुढे वाड्यावरील सर्वांत खमका कुत्रा निघाला आणि आजोबांनी ती गोष्ट सोयीस्करपणे विसरून टाकली. पण दुसरी गोष्ट ते कटाक्षाने पाळीत. पिल्लू दोन-अडीच महिन्यांचे होईपर्यंत वाड्यावरची सारी पोरे, म्हातारी माणसे, घोडी, कोंबड्या, येणारे-जाणारे शेतकरी, सर्व त्याच्या नजरेखालून जात. आपले कोण हे आधी कळले, म्हणजे परके कोण हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

निवृत्तीनंतर वाचनालयात बसून आम्ही ह्या विषयावर मिळेल ते वाचले, तेव्हा आजीचे शास्त्र दूरदेशीही आढळले. चार्ल्स डार्विन १८३३ साली दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वे देशात हिंडत असता त्याने असेच मेंढपाळ कुत्रे पाहिले. तेथे पिल्लू आईपासून लवकर तोडून दिवसातून तीन-चार वेळा मेंढीला पाजीत आणि मेंढरांच्याच गोठ्यात लोकरीचे अंथरूण देत. इतर कुत्री व घरची मुले यांच्याशी मात्र त्याचा संबंध येऊ देत नसत. असा कुत्रा मांसाच्या तुकड्यासाठी घराकडे आला की घरची कुत्री त्याचा पाठलाग करीत आणि तो शरमल्यासारखा पळे. पण कळपाजवळ पोहोचताच तो वळून भुंके आणि पाठलाग करणारे माघारी पळत. पुढे अमेरिकेत स्कॉट आणि फुलर ह्या संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की पिल्लाचे जिव्हाळ्याचे संबंध जडण्याचा मुख्य काळ तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा. त्यानंतर रेमंड कॉपिंजर यांनी तुर्कस्तान, इटली, युगोस्लाव्हिया येथील मेंढपाळ जातींची पिल्ले अमेरिकन शेतकऱ्यांच्या कळपांत वाढविण्याचा मोठा प्रयोग केला. चांगल्या राखणदारात तीन गुण हवेत असे त्यांनी सांगितले : तो मेंढरास इजा न करणारा असावा, त्याचे लक्ष कळपावर असावे आणि त्याने कळपाचे रक्षण करावे. रक्षणाचा गुण शेवटी आला आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. शहरातील आपली तरुण मंडळी मुधोळ किंवा कारवानी कुत्र्यास मेंढवाड्याचा कुत्रा समजतात. मुधोळचा कुत्रा भूषणावहच. २००५ साली त्याचे पोस्टाचे तिकीटही निघाले. परंतु तो सशामागे धावणारा शिकारी. आपला राखणदार अंगाने भरदार, चालीने संथ, आणि त्याच्या जातीची वंशावळ कोणी लिहून ठेवलेली नाही. मात्र देवाने त्याला स्थान दिले आहे. खंडोबाच्या चित्रात घोड्याबरोबर कुत्रा असतोच, आणि वाघ्ये आपण देवाचे कुत्रे आहोत असे मानून कोटंब्यातला प्रसाद भुंकत खातात. हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. आपल्या ओव्या ऐकण्यासाठी ते वाड्या-वाड्यांवर हिंडले, हे ज्ञातीने विसरू नये.

इतके सांगून झाल्यावर आमचा स्वतःचा पराक्रमही सांगितला पाहिजे. १९८८ च्या सुमारास आमच्या वाड्यात दोन चोऱ्या झाल्या. आम्ही त्या वेळी तरुण शिक्षक, चार पुस्तके वाचल्याचा अभिमान होता. एक अल्सेशियन पिल्लू आणले. वस्तुतः तीही मूळची जर्मनीतील मेंढपाळांच्याच कुत्र्यांपासून १८९९ नंतर पद्धतशीर वाढविलेली जात. पण ते आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. पिल्लू तिखट व्हावे म्हणून आम्ही त्यास जिन्याखालच्या अंधारात साखळीने बांधले, कोणासही हात लावू दिला नाही, पाहुणे आले की दार लावून घेतले. वाड्यावर डोळ्यांनी पाहिलेले सारे आम्ही अडाण्यांचे समजून बाजूस ठेवले होते.

वर्षभरात कुत्रा तिखट झाला खरा. मंडईतून रोज सकाळी भाजीची पाटी घेऊन एक माळीणबाई येत. एके दिवशी साखळीची कडी निसटली आणि त्याने त्यांच्या हाताचा लचका तोडला. त्या काळी पिसाळीवरील इंजेक्शने पोटात घ्यावी लागत. आम्ही रोज त्यांच्याबरोबर जात असू, दुसरे काय करणार? त्या आमच्यावर रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, त्याला माणसं दावलीच न्हाईत, मग त्यानं माणूस वळखावा कसा?"

पुढे त्या कुत्र्यास चुलत्यांच्या मेंढवाड्यावर पाठविले. वाटले, मोकळ्या रानात सुधारेल. तिसऱ्या दिवशी निरोप आला की तो कोकरांच्या मागे लागतो, घेऊन जा. दीड वर्षाच्या त्या जिवास मेंढरू म्हणजे काय हे कळण्याची वेळ केव्हाच टळली होती. तो अखेरपर्यंत आमच्या जिन्याखालीच राहिला. आम्ही रोज त्याच्याजवळ जाऊन बसू लागलो. तो आमच्यापुरता निवळला, इतरांपुरता कधीच नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. १९७२ च्या कायद्याने लांडग्यास संरक्षण मिळाले आणि ते आवश्यकच होते, कारण माळराने संपत चालली आहेत. त्याला मारता येत नाही, त्यामुळे त्याला दूर ठेवणारा जागता कुत्रा पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा झाला. पण २०२३ साली पुणे परिसरातील प्राण्यांच्या जनुकांच्या तपासणीत लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे सिद्ध झाले. गावोगावच्या मोकाट कुत्र्यांमुळे रोगही लांडग्यांत पसरू शकतात. म्हणून वाड्यावर कुत्री ठेवणाऱ्यांनी सहा ते आठ आठवड्यांपासून पशुवैद्याच्या सल्ल्याने लसी, तिसऱ्या महिन्यात पिसाळीची लस आणि गरजेपेक्षा अधिक पिल्ले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया करून घ्यावी. आजीच्या शास्त्रात एवढी भर घालावयास हवी.

आमच्या चुलत्यांनी चार वर्षांपूर्वी मेंढरे विकली. त्यांचा शेवटचा कुत्रा आता रिकाम्या वाघरीजवळ निजतो. ज्ञातिबांधवांपैकी ज्यांच्या वाड्यावर अजून राखणीची कुत्री आहेत, त्यांनी पिल्ले कशी निवडतात, कोणते शब्द देऊन बोलावतात, कोणत्या नावांनी हाका मारतात, हे सर्व म्हाताऱ्या माणसांस विचारून उतरवून घ्यावे आणि पुढील अंकासाठी संपादक मंडळाकडे पाठवावे.